माझा फोटो, माझे लोखंड आणि इतर मिळकत

मी, भैरू लक्ष्मणराव कोयते, वय ६९, निवृत्त टर्नर, राहणार पुनावळे, शुद्धीवर असताना व कोणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवतो. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. दाखला देताना त्यांनीही विचारलेच, काका, या वयात दंड असे कसे राहिले? सत्तेचाळीस वर्षे माझे एकच उत्तर आहे. रोज थोडे, आणि खाडा नाही. ते ऐकून प्रत्येकाचा चेहरा पडतो, डॉक्टरांचाही पडला. याआधीचे मृत्युपत्र निघाल्यास ते रद्द समजावे.

१. राहते घर, स्वकष्टार्जित, माझ्या पश्चात पत्नी शालनबाई हिच्या एकटीचे. तिच्या हयातीत कोणी वाटणीचा विषय काढू नये.

२. घरामागची पत्र्याची व्यायामशाळा व आतले सर्व लोखंड मुलगी उत्कर्षा हिला. वजनाच्या चकत्या मी स्वतः लेथवर काढलेल्या आहेत. उत्कर्षा सोळाव्या वर्षापासून तिथे येते. तेव्हा भावकी म्हणाली, पोरीचं अंग गड्यासारखं होईल. आज त्याच भावकीच्या सुना तिच्याकडे शिकतात. तिने कोणाला टोमणे मारू नयेत, माझे मारून झाले आहेत.

३. कुरुळीची दोन गुंठे जागा व बँकेतील ठेव मुलगा रणजीत याला. त्याला व्यायामशाळा का नाही, हे लिहिणे भाग आहे. ताथवड्यात त्याचे ताकदीच्या पावडरीचे दुकान आहे. तीन वर्षांपूर्वी त्याने दुकानावर माझा उघड्या अंगाचा फोटो लावला आणि खाली छापले, ‘वय ६६. रहस्य आत मिळेल.’ मी ती पावडर कधी चाखलेलीही नाही. फलकाचे मला कळले ते कारखान्याच्या प्रेसशॉपमधल्या एका कामगारामुळे. तो सहा महिने जेवण तोडून ती पावडर पीत होता आणि शिफ्टमध्ये चक्कर येऊन पडला. फोटोवरून शोधत तो माझ्या दारी आला. भांडायला नव्हे, आपले काय चुकले हे विचारायला. मला त्याच्या तोंडाकडे बघवेना.

त्याच दिवशी मी जाऊन फलक उतरवला. रणजीत शांतपणे म्हणाला, “आण्णा, लोकांना मेहनत नको असते, डबा हवा असतो.” वर्षभर मी त्याच्याशी बोललो नाही. माझा कोणताही फोटो, मी मेल्यावरही, काही विकण्यासाठी वापरू नये. मात्र रणजीत स्वतः घाम गाळायला आला, तर उत्कर्षाने दार उघडावे.

४. खरे तेही नोंदवतो. उजवा खांदा दोन वर्षे वर जात नाही. निम्म्या वजनावर आलो आहे आणि कोणी बघत असेल तर चिडतो. पण जातो.

५. आता शालनबाईचे. पहिल्या शिफ्टसाठी तिने एकतीस वर्षे पहाटे चारला उठून माझी भाकरी, उसळ, अंडी केली. अख्ख्या गावाला मी बैठका शिकवल्या, तिला कधी विचारले नाही. गेल्या वर्षी ती न्हाणीत बसली ती उठेना. मी तिला दोन्ही हातांवर उचलून आणले आणि मनात स्वतःवरच खूश झालो. दुसऱ्या दिवसापासून तिला हात न टेकता खुर्चीवरून उठायला शिकवले. आधी दोनदा जमले, महिन्याभराने पंचवीसदा. त्या दिवशी ती दम खात म्हणाली, “हे आधी का न्हाई शिकवलंत? मी निस्ती रांधायलाच व्हते व्हय?”



म्हणून आजपासूनच, रोज अकरा ते बारा व्यायामशाळा शालनबाई व गावातील तिच्या वयाच्या बायकांची. त्या तासाला पुरुषाने आत पाऊल टाकू नये, मीसुद्धा.

हे मी स्वतः वाचले व दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

भैरू लक्ष्मणराव कोयते (सही)

साक्षीदार:
१. निरंजन सदाशिव वाळुंज (सही)
२. ज्योतीराम किसन गवारे (सही)

पुनावळे, दि. १२ फेब्रुवारी २०२५