टॉमच्या पुस्तकातली विळी

मंगळवार, वॉटफर्ड, इंग्लंड

मला या घरात आंधळी समजतात की काय? नातजावई टॉम कॉमिकची चित्रं काढतो. मोठं नाव आहे म्हणे, सहीसाठी गोरी माणसं रांग लावतात. मग शाई माझ्या सईच्या बोटांना कशी? आज जेवताना टॉमची बोटं नीट बघितली. स्वच्छ. धुतल्यासारखी नव्हे, कामाला लागलीच नसल्यासारखी.

सईला विचारलं तर म्हणते, "आजी, प्लीज! त्याचं मनगट दुखतं. पेन्सिलने तोच काढतो, मी नुसती वरून शाई लावते."

नुसती! त्याचं नवं पुस्तक टेबलावर होतं, ते उघडलं. त्यात एक बाई विळीवर कांदा चिरतेय, एक गुडघा वर, पाय पाटावर दाबून. नाशिकच्या घरी मी अशीच बसायचे. सई सुट्टीत यायची तेव्हा समोर बसून बघत राहायची. टॉमने विळी कधी पाहिली? त्याला तर मांडी घालूनही बसता येत नाही.

इंग्रजी मला वाचता येत नाही, पण नातीचं नाव ओळखते. पुठ्ठ्यावर नाही. आतही शोधलं, नाही. आणि ही पोरगी बेसिनपाशी बोटांची शाई घासतेय, चोरी केल्यासारखी.

मनगट दुखत असेल, मी नाही म्हणत नाही. जीभ तर धड आहे ना? उद्या नाश्त्याला माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारणार, पुठ्ठ्यावर एकच नाव का. सईने मध्ये तोंड घालायचं नाही. उत्तर टॉमनेच द्यायचं.