गप्प मंडळींची यादी

मंगळवार, ९ जानेवारी

प्रिय घुम्या,

नमस्कार. वहिनींनाही सांग. आमच्याकडे सगळे बरे आहेत. हिचा गुडघा थंडीत कुरकुरतो आणि ही माझ्यावर कुरकुरते, म्हणजे घरात रोजच्यासारखंच चाललं आहे. मुलगी सासरी मजेत आहे. मी सकाळी चालून येतो, गोळ्या वेळेवर घेतो आणि उरलेला दिवस फोनला नाक लावून बसतो.

तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद काढला. हाताची सवय गेली आहे. अक्षर लागलं नाही तर वहिनींकडून वाचून घे, असं लिहिणार होतो, पण नको. हे तूच वाच.

आधी ग्रुपचं सांगतो. आपल्या फौजेतल्या तुकडीच्या ग्रुपात आता दोनशे बारा जण आहेत. तू बाहेर पडलास त्याला परवा बारा दिवस झाले. अ‍ॅडमिन म्हणून मी काय करतो हे तुला कधी नीट सांगितलं नव्हतं. दर महिन्याच्या एक तारखेला मी गप्प मंडळींची यादी काढतो. म्हणजे जे वाचतात, पण लिहीत नाहीत. मग एकेकाला गाठतो. ‘कसा आहेस’ असं विचारून उपयोग नसतो, ‘ठीक’ म्हणून गडी मोकळा होतो. त्याऐवजी मी मुद्दाम काहीतरी चुकीचं टाकतो. आपला ट्रक ड्रायव्हर आठ महिने मूग गिळून बसला होता. मी लिहिलं, आपल्या जुन्या ट्रकला उलटा गिअर नव्हता. पाच मिनिटांत त्याचे तीन मेसेज, आणि शेवटच्यात माझ्या अकलेचा उद्धार. आता तो रोज लिहितो. बायको गेल्यावर घरात बोलायला कोणी नव्हतं, हे त्याने दोन महिन्यांनी सांगितलं. चूक दिसली की शिपाई गप्प राहत नाही, एवढंच माझं शास्त्र. स्वयंपाकी करपट म्हणतो, ‘रेडिओ, तुझ्या जिभेला हाड नाही ते असं कामाला आलं बघ.’

सतरा जणांना मी असं बोलतं केलं. त्यातल्या दोघांनी नंतर सांगितलं, तू गाठलं नसतंस तर आम्ही आज नसतो. ऐकून मी खूप मोठा झालो होतो.

यादीत शेवटचं नाव कायम तुझं असायचं. चार वर्षांत मी तुला एकदाही मेसेज केला नाही. करपटने विचारलं की म्हणायचो, ‘त्याचा स्वभावच तसा, नाव काय उगाच पडलंय?’ चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. सगळ्यांनी बोलावं असं मला मनापासून वाटत होतं. तू मात्र गप्प राहावंस असं वाटत होतं.

मग आपल्या मास्तरची लेक ग्रुपात आली. तिच्या आईच्या ट्रंकेत आपल्या तुकडीचा फोटो सापडला, त्यावरून शोधत आली. तिने लिहिलं होतं, ‘मी चार महिन्यांची होते. बाबांचा शेवटचा दिवस कसा गेला, कोणी सांगेल का?’ दोनशे माणसं गप्प. मीच पुढे झालो. एकतीस वर्षं घासून गुळगुळीत केलेली गोष्ट टाकली. धुकं होतं, तुझे बाबा आणि एक साथीदार पुढच्या टेहळणीच्या जागेवर होते, वायरलेस सेट जुना, ऐन वेळी बिघडला, कोणाचाच दोष नव्हता.

आणि तुझ्या नावाखाली ‘लिहीत आहे’ असं दिसायला लागलं. दिसायचं, जायचं. पुन्हा दिसायचं. मी हातातला चहा तसाच धरून बघत बसलो होतो. मग तुझा ग्रुपातला पहिला मेसेज आला.

‘सेट जुना नव्हता. जाताना ओढ्यात माझ्या हातून पडला. पाणी आत गेलं. पोरी, तुझे बाबा माझ्यामुळे गेले.’

घुम्या, तो मेसेज मी काढून टाकला. तू काढला नाहीस, हे तुला माहीतच आहे. तो मी काढला. चार मिनिटं तो तिथे होता, अकरा जणांनी वाचला होता. त्या अकरांत ती होती. तिने मला वेगळं विचारलं, ‘काका, त्यांनी असं का लिहिलं?’ मी म्हणालो, ‘त्याची तब्येत बरी नसते गं. त्याच्या डोक्यात गोष्टींची सरमिसळ होते.’ हेही मीच म्हणालो. तासाभरात तू ग्रुप सोडलास.

शुक्रवारी वहिनींचा फोन आला. म्हणाल्या, ‘भावोजी, सायकलच्या दुकानाचं शटर आठ दिवस खाली आहे. हे आत स्टुलावर बसून राहतात. गिऱ्हाईक दार वाजवून जातं. तुमच्या ग्रुपात काय झालं, मला कळू दे.’ मी त्यांना हवापाण्याचं काहीतरी सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘बरं,’ आणि फोन ठेवला. ते ‘बरं’ अजून कानातून जात नाही.

आता लिहितो. तुला यातलं अर्धं माहीत आहे, तरी सगळं ओळीने लिहितो, नाहीतर मी पुन्हा पळवाट काढेन.

मी चौकीत वायरलेसवर होतो, तू आणि मास्तर पुढे. शत्रू जवळ, म्हणून तुम्ही बोलायचं नाही, असं ठरलं होतं. दर तासाला मी हळू विचारायचं आणि तुम्ही बटण दाबायचं. एकदा दाबलं तर सगळं ठीक, दोनदा दाबलं तर परत बोलवा. हुकूम मिळाल्याशिवाय जागा सोडायची नाही.

त्या थंडीत आम्ही वायरलेसवाले एक लबाडी करायचो. पुढच्या तासांच्या नोंदी आधीच लिहून ठेवायचो. वहीत ओळीने ‘सगळं ठीक’ लिहिलं की कानावरचे हेडफोन काढून जरा ऊब घेता यायची. सगळेच करायचे. मी दुपारी एक वाजता दोनची, तीनची आणि चारची नोंद लिहिली आणि करपटच्या चुलीपाशी जाऊन बसलो. गप्पा मारत होतो. एक विनोद सांगत होतो. तो कोणता हे मला अजून आठवतं, आणि मी तो पुन्हा कोणालाही सांगितलेला नाही.

साडेतीनला गोळीबार ऐकू आला. धावत येऊन हेडफोन लावले. बटणाचा आवाज येत होता. दोनदा. थोडं थांबून दोनदा. पुन्हा दोनदा. अगदी स्वच्छ. मी ओरडलो, ‘या परत! लगेच या!’

पलीकडे काहीच नाही. मग बटण एकदाच वाजलं.

तू तेव्हा बेशुद्ध होतास, डॉक्टरांनी नंतर वेळ सांगितली होती. म्हणजे दाबणारा मास्तर होता. एकदाच. सगळं ठीक. माझ्यावर चिडून दाबलं, की मला धीर द्यायला, की दुसऱ्यांदा दाबायला तो उरलाच नाही, हे मला माहीत नाही. एकतीस वर्षं मी तेच ऐकतो आहे. ही दिवा लावते आणि मी दुसऱ्या आवाजाची वाट बघत उभा राहतो. पेनचं टोपण, गॅसचा लायटर, लिफ्टचं बटण. हिला वाटतं मला कमी ऐकू येतं. मला नको तेवढं ऐकू येतं रे.

इस्पितळात तू मला विचारलं होतंस, ‘दोनपासून मी बटण दाबत होतो, उत्तर नाही. सेट माझ्या हातून ओढ्यात पडला होता. त्यानेच घात झाला ना?’ तू डोळे मिटून विचारलं होतंस. मी फक्त ‘नाही’ म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, ‘हो, पाणी गेलं होतं आत.’ चौकशीतही तेच सांगितलं. वहीत माझ्या अक्षरात सगळं ठीक होतं, त्यामुळे कोणी पुढे विचारलं नाही.

सेट चालू होता, घुम्या. पाणी गेलं असेल नसेल, तो शेवटपर्यंत चालू होता. दोन वाजल्यापासून तू दाबत होतास आणि ऐकायला कोणी नव्हतं. तुझ्या हातून काहीही झालेलं नाही. बोलणाऱ्याचे कुळीथ विकतात आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात म्हणतात. मी आयुष्यभर कुळीथ विकले.

काल मी मास्तरच्या लेकीकडे गेलो. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करते. दुकानाच्या मागच्या खोलीत तिला हे सगळं सांगितलं. तिने यंत्र बंद केलं. रडली नाही, मला शिव्याही दिल्या नाहीत, दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मग तिने एकच विचारलं, ‘त्यांना सांगितलंत?’ मी म्हणालो, ‘अजून नाही.’ ती म्हणाली, ‘मग मला का सांगत बसलात? आधी त्यांना लिहा.’

ग्रुपात सगळं आज सकाळी टाकलं आहे, वहीतल्या खोट्या नोंदींसकट. अ‍ॅडमिनपण करपटकडे दिलं. लोक काय म्हणाले ते मी अजून वाचलेलं नाही. तू परत ये, असं मी म्हणणार नाही, तो हक्क मला नाही.

हे पत्र पोस्टाने आलेलं नाही, हे तू ओळखलं असशील. ते शटरखालून आत सरकवणारी बाई मास्तरची लेक आहे. तू वाचून होईपर्यंत बाहेर थांबते म्हणाली. बाप कसा गेला हे तिला कळलं आहे. तो दुपारी एकपर्यंत कसा होता, काय बोलत होता, कशावर हसला, हे जिवंत माणसांत फक्त तुला माहीत आहे.

शटर वर कर. तिला आत घे.

त्या दुपारी ड्युटीवर असून जागेवर नसलेला,
रेडिओ