डिकीच्या रबराखालचे तीन ठिपके

ता. ६ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुला फोन केला की तू हो-हो म्हणतोस आणि ठेवल्याबरोबर विसरतोस, म्हणून अप्पांच्या शिस्तीने कागदावर लिहिते आहे. उत्तरही कागदावरच दे. गाड्या रंगवता रंगवता तुझं अक्षर कुठवर बिघडलंय तेही कळेल.

आता माझ्या गाडीची कथा ऐक. तुझ्याच शोरूममधून घेतलेली, तूच पुढे होऊन निवडून दिलेली, किल्लीसुद्धा तुझ्याच हातून घेतलेली गाडी. चौदा महिने झाले. डिकीच्या झाकणावर आणि मागच्या डाव्या बाजूला रंगाला फोड आलेत. आधी मोहरीएवढे होते, आता बोट लावलं की पापुद्रा निघतो. तीस वर्षं वॉर्डात फोडच बघितले, निवृत्त झाल्यावरही घरोघरी जाऊन लोकांच्या जखमा बांधते आहे, त्यात आता ही एक पेशंट वाढली.

वॉरंटी तीन वर्षांची, म्हणून तुमच्याकडे रीतसर अर्ज दिला. तू नेमका रजेवर होतास. दोन दिवस गाडी ठेवून घेतली आणि काल पत्र आलं. त्या भागावर रंगाची जाडी दुपटीहून जास्त भरली, म्हणजे गाडी बाहेरच्या गॅरेजमध्ये पुन्हा रंगवली आहे, आणि मालकाने ही गोष्ट लपवली आहे, सबब अर्ज नामंजूर.

धाकट्या, मी कधी गाडीला ओरखडासुद्धा येऊ दिला नाही रे. रंग गेला तर गेला, पण 'लपवली' हा शब्द मला जेवू देत नाही. औषध चुकलं तर रजिस्टरात स्वतःच्या हाताने लिहिणारी बाई मी. तू रंगखात्यातला माणूस, साहेबांशी एकदा नीट बोल.

तुझ्या बायकोला सांग, तिची पाठ दुखते त्यावर शेक घ्यायचा, दुर्लक्ष करायचं नाही. माया आहेच, उत्तर तेवढं वेळेवर येऊ दे.

तुझी,
ताई


ता. १४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आधी हिनेच वाचलं आणि अक्षराचं वाक्य मोठ्याने वाचून दाखवलं. तुम्ही दोघी माझ्याविरुद्ध कधी एक झालात ते कळलंच नाही. शेक चालू आहे.

साहेबांशी बोललो. ते म्हणतात यंत्राने जे दाखवलं ते दाखवलं, त्याला त्यांचा इलाज नाही. कंपनीशी भांडून कुणाचं भलं झालंय? वकील, तारखा, हेलपाटे, आणि तुझे गुडघे हे असे. त्यापेक्षा एका रविवारी गाडी घेऊन ये. मीच घासून झकास रंगवून देतो, नव्यासारखी होईल आणि विषय संपेल.

एक मनात आलं, लिहू का? रागावू नकोस. मागच्या वर्षी जावईबापू तुझी गाडी आठवडाभर घेऊन गेले होते ना. तरुण माणूस, कुठे घासली असेल, सासूबाईंच्या धाकाने गुपचूप रंगवून आणली असेल. मी काही आरोप करत नाही. पण यंत्र म्हणतं रंग दुसऱ्यांदा लागलाय, तो कुणीतरी लावलाच असणार.

पोरं तुझी आठवण काढतात. तब्येतीला जप आणि हा ताप डोक्यातून काढून टाक.

तुझा,
धाकटा


ता. २९ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तुझं ऐकलं आणि चूल विझवून बसले.

गेल्या रविवारी लेक-जावई जेवायला आले होते. मी जावयांना सरळच विचारलं. त्यांनी घास खाली ठेवला आणि म्हणाले की गाडी नेली तशीच आणून दिली. एवढंच बोलले. लेक मात्र पेटली. म्हणाली, आई, तुझा यंत्रावर विश्वास आहे आणि माणसावर नाही. अर्ध्या ताटावरून दोघं उठून गेले. तेव्हापासून तिचा फोन नाही, मी केला तर तो वाजत राहतो. या घरात त्या दोघांशिवाय माझ्याकडे येणारं कोण आहे, तूच सांग.

तू गाडी फुकट रंगवून देशील, ते मला ठाऊक आहे. पण मग 'लपवली' तसंच राहील, आणि आता तर ते जावयांच्या कपाळावर जाऊन बसलंय. म्हणून मी ग्राहक मंचात तक्रार केली. वीस ऑगस्टची तारीख मिळाली आहे.

तुझ्याकडून एकच हवं. गाडी ताब्यात घेतली तेव्हा तू माझ्या शेजारी उभा होतास. त्यानंतर दर सर्व्हिसिंगला ती तुमच्याकडेच आली, दुसऱ्या कुठल्या गॅरेजची पायरी चढली नाही, हे तुला माहीत आहे. तेवढं तिथे येऊन सांग. खऱ्याला कशाची भीती?

वाट बघते. तू पाठीशी आहेस या भरवशावरच इतकी पुढे आले आहे.

तुझी,
ताई


ता. ५ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहितो आहे. मला तारखेला येता येणार नाही. ज्यांचा पगार खातो त्यांच्याविरुद्ध उभा राहिलो तर दुसऱ्या दिवशी घरी बसावं लागेल. माझ्या दोन पोरांच्या शाळा आहेत, तुला सगळं माहीतच आहे.

तक्रार मागे घे, एवढी विनंती. जावईबापूंचं मी बघतो, राग आज ना उद्या निवळेल. रंग मी देतो म्हटलंय ना, मग अडलंय कुठे?

जास्त काय लिहू. मोठ्या मनाने समजून घे.

तुझा,
धाकटा


ता. १८ जुलै

धाकट्यास,

वर नेहमीचं लिहिलेलं नाही. विसरले नाही, हात वळला नाही.

काल गाडी इथल्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे नेली. मंचात दाखवायला मला त्याचं लेखी मत हवं होतं. तो भला माणूस. गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाला, बाई, रागावू नका, पण हा भाग खरंच दुसऱ्यांदा रंगवलेला आहे. मी त्याच्याशी भांडले. तेव्हा त्याने डिकीच्या काठाचं काळं रबर उचकटलं आणि जुना रंग कुठे संपतो, नवा कुठे सुरू होतो ती रेघ दाखवली. रेघ मला नंतर दिसली. आधी दिसले ते रेघेच्या वर पांढऱ्या रंगाचे तीन ठिपके. दोन खाली, एक वर.

धाकट्या, असे ठिपके जगात दोनच माणसं देत होती. त्यातले एक अप्पा, दुकानांच्या पाट्या रंगवून झाल्या की खालच्या कोपऱ्यात. ज्या पाटीची लाज वाटणार नाही तिच्यावरच ठिपके द्यायचे, हे त्यांनी तुझ्या हातात ब्रश दिला त्या दिवशी सांगितलं होतं. मी दारात उभी होते. अप्पा जाऊन नऊ वर्षं झाली.

मेकॅनिकने विचारलं, बाई, घेरी येते का. मी त्याच्या स्टुलावर बसून राहिले. गावभर चोर शोधत फिरले आणि तो काखेतच होता. काखेतूनच मला सल्ले देत होता.

गाडी तू रंगवलीस याचा राग मी गिळला असता. नोकरी करणाऱ्याला साहेबाचं ऐकावं लागतं, मीही ऐकलंय. पण माझी लेक अर्ध्या ताटावरून उठली ती तुझ्या एका ओळीमुळे. खोटं ठरलेली मी, चोर ठरलेला जावई, आणि तू शहाणा, समजूत घालणारा.

ठिपक्यांचा फोटो काढला आहे. तो अजून तक्रारीच्या फाइलमध्ये लावलेला नाही. लावला तर तुझी नोकरी जाईल, नाही लावला तर मी आणि जावई जन्मभर खोटे. काय करायचं ते तू सांग. या वेळी मी तुझा सल्ला विचारत नाही, तुझी लाज विचारते आहे.

ताई


ता. २६ जुलै

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र हिनेच वाचून माझ्या हातात दिलं आणि आत निघून गेली. दोन दिवस आमच्यात बोलणं नाही.

जे झालं ते लिहितो. गाडी तुला द्यायच्या तीन दिवस आधी यार्डात एकाने हातब्रेक न लावता ती उतारावर उभी केली. मागे घरंगळत जाऊन ती लोखंडी खांबावर आदळली. त्या रंगाची दुसरी गाडी दीड महिन्याने येणार होती. साहेब म्हणाले, ठोकून रंगवून टाका, गिऱ्हाइकाला सांगायची गरज नाही. मी म्हटलं, ही माझ्या ताईची गाडी आहे. ते हसून म्हणाले, मग तूच रंगव, जीव ओतून रंगवशील.

आणि मी ओतला, ताई. पण दिवस दोनच होते, रंगाची भट्टी बंद होती, दिवे लावून सुकवलं. अस्तराचा हात ओला आहे हे माझ्या बोटाला कळत होतं, तरी वरचा रंग मारला. ओल्या जखमेवर पट्टी बांधू नये हे तूच मला शिकवलं होतंस. रंग चढल्यावर इतका देखणा दिसला की रबर बसवायच्या आधी ठिपके दिले. तुझी गाडी म्हणून दिले. तेव्हा मला खरंच लाज वाटली नव्हती.

तू अर्ज दिलास तेव्हा मी रजेवर नव्हतो. तुझ्यासमोर आलो नाही एवढंच. जाडी मोजायचं यंत्र माझ्याच हातात होतं. आकडा मीच वाचून दाखवला, 'लपवली' साहेबांनी लिहिलं, मी बघत राहिलो.

जावईबापूंचं नाव घ्यायला मला कुणी सांगितलं नव्हतं. ते माझं मीच केलं. बाकी सगळ्याला कारणं आहेत, त्याला नाही.

सोबत सही केलेला जबाब आहे, फोटोबरोबर लाव. वीस तारखेला मी येतो. त्याआधी तुझ्या लेकीच्या दारात जाऊन येईन. आत घेतलं नाही तर दारातूनच सांगेन.

काही मागायचा हक्क उरलेला नाही, म्हणून इथेच थांबतो.

धाकटा


ता. १२ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

मंचाचा निकाल लागला. कंपनीने तो सगळा भाग दुसऱ्या ठिकाणी, त्यांच्या खर्चाने, मुळापासून रंगवून द्यायचा आहे, आणि 'लपवली' हा शब्द लेखी मागे घ्यायचा आहे. ते पत्र काल आलं. दोन ओळींचं आहे. मी ते जावयांच्या हातात दिलं. त्यांनी वाचून घडी केली आणि स्वतःच्या खिशात ठेवलं.

तू त्यांच्याकडे गेला होतास ते लेकीने सांगितलं. त्यांनी तुला आत बोलावलं, पाणी दिलं, आणि तुझं सगळं ऐकून घेतलं. मीही त्यांची माफी मागितली. लेक आता येते, पण घरी जायची वेळ आधी सांगून येते. ते माझ्या वाट्याचं. तू ओळ लिहिलीस, पण ती खरी मानणारी मीच होते.

तारखेच्या दुसऱ्या दिवशी तुला कामावरून काढलं हेही कळलं. तुझ्या बायकोने लिहिलं, तू नाही. आता कुणाच्या तरी शेडमध्ये स्वतःचं काम सुरू करतोयस म्हणे. चांगलं आहे. अस्तर पुरतं सुकू दे, गिऱ्हाईक कितीही ओरडलं तरी.

माझी गाडी परवा घासायला घेतली. कारागिराने रबर काढलं आणि विचारलं, हे ठिपके कसले, ठेवू का. मी म्हटलं, घासा. त्याने घासले. मी उभी राहून बघितलं, आणि बघताना रडले हेही लिहून ठेवते, कारण कागदावर खरंच लिहायचं असं ठरलंय.

तुझ्या शेडमध्ये मी पहिली गाडी आणणार नाही, दुसरीही नाही. तुझ्या हाताखालून शंभर गाड्या जाऊ देत. मग कुठे ओरखडा आला तर आणीन, तोवर माझे गुडघे शाबूत राहिले तर. ठिपके द्यायचे की नाही ते तेव्हा तूच ठरव.

वर बघ. 'आशीर्वाद' लिहिला आहे. 'अनेक' आणि 'उत्तम' अजून माझ्याकडेच आहेत. सांभाळून ठेवले आहेत, दुसऱ्या कुणाला द्यायचे नाहीत.

ताई