झाकलेलं भांडं

२ मार्च

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. अमूर्त बीजगणित प्रोग्रॅमिंगला उपयोगी पडतं असं मी तुझ्या कॉलेजच्या मंडळाला लिहून द्यावं, म्हणजे तू शिकवतोस तो वर्ग बंद होणार नाही, असं तुझं म्हणणं. आठवडाभर विचार केला. इतकी वर्षं मी प्रोग्रॅम लिहिते आहे, पण त्यातले ‘ग्रुप’, ‘रिंग’ हे शब्द कामात कधी आले नाहीत. भावासाठी खोटं लिहावं का? लिहवेना. लोभ आहेच, तो या पत्रानंतरही राहू दे.

तुझी बारकी

९ मार्च

चि. बारकीस, अनेक आशीर्वाद.

रागावलो नाही. लहानपणीही कुणी चिमूटभर मीठ मागितलं की तू तराजू शोधायचीस. तुझी वहिनी म्हणते, वर्ग गेला तर निदान मी घरात भाजी चिरीन. हॉस्पिटलच्या त्या प्रोग्रॅमचं काय झालं? वेळेवर जेवत जा.

दादा

१८ मार्च

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

औषध दिलं की नर्स फोनवर नोंद करते. नेटवर्क गेलं की नोंदी उलटसुलट पोचतात, कधी एकच दोनदा. मी डोसांची बेरीज करत होते, त्यामुळे एकाचे दोन व्हायचे. ठिगळं लावून दमले. मग घरी भांडी आवरताना तुझं म्हणणं आठवलं: झाकलेलं भांडं पुन्हा झाकलं तरी झाकलेलंच. आता प्रत्येक डोसला स्वतःची खूण दिली आणि बेरजेऐवजी संचांचा संयोग घेतला, म्हणजे सगळ्या खुणा एकत्र, पण प्रत्येक एकदाच. क्रम बदला, गट बदला, तीच नोंद पुन्हा घाला, उत्तर एकच. हे तर तुझंच बीजगणित! मंडळासाठी पत्र सोबत जोडलं आहे.

तुझी बारकी

२४ मार्च

चि. बारकीस, अनेक आशीर्वाद.

पत्र मंडळाला दिलेलं नाही. तुझ्या संयोगात भर पडते, वजा काहीच होत नाही. नर्सचं बोट चुकून लागलं तर न दिलेलं औषध कायमचं दिलेलं ठरेल. फोनवर हे सांगितलंच. दोनदा सांगून बिघडत नाही, हे तूच दाखवलंस. आधी ते बघ. वर्गाचं काय, भाजी चिरणं मला जमेल.

दादा

२७ मार्च

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

तुझा फोन आल्यावर लगेच पाहिलं. तशी एक नोंद सापडली. एका आजोबांची गोळी राहिली होती, ती दिली. चुकलेल्या खुणांचा आता वेगळा संच ठेवते. तोही फक्त वाढतो. पहिल्यातून तो वगळला की खरं काय ते उरतं.

मंडळाला पत्र मीच धाडलं, तुझ्या शंकेसकट. बीजगणित रोज लागतं असं लिहिलेलं नाही. ज्या दिवशी लागलं त्या दिवशी ते शिकवणारा माणूस जागेवर होता, एवढंच लिहिलं.

भाजी वहिनीलाच चिरू दे.

तुझी बारकी