बंदरावरचं कॉलेज

मामाकडून, ४ मे

ती. बाबांना साष्टांग नमस्कार.

सुखरूप पोचले. दोन कॉलेजं पाहून झाली. मामाच्या गावातल्या जुन्या कॉलेजची लायब्ररी बघून हरखले, पण भूगर्भशास्त्र तिथे नुसतं पाठ करून घेतात, असं तिथल्याच मुली म्हणाल्या. खाणींजवळचं विद्यापीठ नवं आहे. वसतिगृहाला अजून रंगाचा वास येतो, पण मुलांना दर आठवड्याला खाणीत उतरवतात. तिथून आणलेला एक दगड पिशवीत आहे, हे आत्ताच सांगून टाकते.

या भागात हा विषय तीनच ठिकाणी शिकवतात. तिसरं कॉलेज बंदरावरचं. त्याचं नाव काढलं की मामा बसची गैरसोय सांगत बसतो आणि मामी आत निघून जाते. कारण मला माहीत आहे, तुम्हालाही. तिथेही अर्ज करावा असं फार मनात आहे. फोनवर विचारायचा धीर झाला नाही. तुम्ही नको म्हणालात तर नाही करणार.

दुकानाच्या नादात जेवण चुकवू नका. माझ्यावरचा लोभ आहे तसाच राहू द्या.

तुमची,
गोटी

घरून, ९ मे

चि. गोटीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. कपाटात दगड ठेवायला जागा उरलेली नाही, तरी हाही ठेवू. काल एक आजोबा नवा चष्मा परत करायला आले. म्हणे, घरात धूळ फार दिसायला लागली. मी त्यांना जुनाच घालून पाठवलं.

तुझी आई बंदरावर राहते. सहा वर्षं आपण दोघं हे टाळून बोलतो आहोत, आणि तू मात्र बसचं वेळापत्रक पाठ करून बसली असशील. जाऊन ये. मामाला मी कळवतो. आधी प्रयोगशाळा बघ, मग घर. आईसाठी ते कॉलेज निवडू नकोस, आणि माझ्यासाठी गाळूही नकोस.

उन्हातून फिरताना डोक्याला रुमाल बांध. मामीला नमस्कार सांग.

तुझा,
बाबा

मामाकडून, १४ मे

ती. बाबांना साष्टांग नमस्कार.

काल मामा आणि मी बंदरावर जाऊन आलो. प्रयोगशाळेला कुलूप होतं. शिपायाने किल्ली शोधून उघडली, तर आत मोडक्या खुर्च्या रचलेल्या.

आई एका दाताच्या दवाखान्यात नावं नोंदवायचं काम करते आणि त्याच्याच माडीवर राहते. केस बारीक कापलेत. मला बघून आधी तिने समोरच्या पेशंटला नंबर दिला, मग उठली. वर नेऊन पाणी दिलं, मार्क विचारले. तुमची चौकशी केली. त्या कॉलेजात ती आधीच जाऊन आली होती, मामाने कळवलं म्हणून. म्हणाली, या विषयाचे सर निवृत्त झाले, त्यांच्या जागी कोणी आलेलं नाही, तू इथे अर्ज करू नकोस.

मी म्हटलं, मला चालेल. ती नाहीच म्हणाली.

बाबा, ती बरोबर आहे हे मला कळतं. पण तिने मला दुसऱ्यांदा नको म्हटलं, असंच वाटलं. बसमध्ये मी रडत होते आणि मामा खिडकीबाहेर बघत बसला होता. आता कुठेच अर्ज करावासा वाटत नाही.

तुमची,
गोटी

घरून, १८ मे

चि. गोटीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आज दुकान लवकर बंद केलं.

तू समोर उभी राहून मला चालेल म्हणतेस, आणि ती नाही म्हणते. तिच्या जागी मी असतो तर मला हे जमलं नसतं. मी म्हटलं असतं, ये. मोडक्या खुर्च्या माहीत असूनही म्हटलं असतं. तुझ्या आईवर माझा राग आहे आणि तो जाईल असं वाटत नाही. पण त्या खोलीत तुझा विचार तिने केला, स्वतःचा नाही. हे मी तुला सांगितलं नाही तर कोण सांगणार?

खाणींजवळच्या विद्यापीठाचा अर्ज भर. जुन्या कॉलेजचाही भर, हाताशी एक असू दे. खाणींकडून बंदरावर थेट बस जाते, मी स्टँडवर विचारून आलो. सुट्टीच्या दिवशी कुठे जायचं ते तू ठरव. मला विचारायची गरज नाही. घरी आलीस की सांगत जा, मी ऐकेन.

माया आहेच, ती कमी होणार नाही.

तुझा,
बाबा