कट्ट्यावर फक्त मराठी

४ जानेवारी, रविवार
बागेतल्या वाचनकट्ट्यावर आज नऊ जण. सव्वीस जानेवारीला सोसायटीत जाहीर वाचन करायचं ठरलं — प्रत्येकाने देशाबद्दल एक पान. नियम मी घातला: फक्त मराठी. लिफ्टमध्ये हिंदी, दुकानात हिंदी, वॉचमनशी हिंदी. गिरगाव सोडून मिरारोडला आलो त्याला बावीस वर्षं झाली. एक तास तरी आपला नको?
मिनलही वाचणार. मुलगी स्वतःहून हो म्हणाली!

११ जानेवारी
तिसऱ्या मजल्यावरच्या रमीलाबेन आल्या होत्या. त्यांचे वडील डहाणूकडे मास्तर होते. देशाच्या पहिल्या निवडणुकीत मतपेट्या घेऊन होडीतून खाडीपलीकडे गेले, ते त्यांनी वहीत लिहून ठेवलंय. गुजरातीत. वाचू का, विचारत होत्या. मी नियम सांगितला. वर म्हणालो, ज्याने त्याने आपापलं वाचलं तर देश कुठे राहिला? त्या वही पिशवीत घालून गेल्या.
रात्री मिनल अर्ध्या ताटावरून उठली.

१२ जानेवारी
देश कुठे राहिला, हे बोलून गेलो खरा. पण मग देशासाठी फक्त मराठीच का? कुणी विचारलं नाही, म्हणून निभावलं.

२६ जानेवारी
झेंडावंदन झालं, मग वाचन. मिनल छान वाचत होती. मी शेजारीच उभा — सहज कागदाकडे लक्ष गेलं. सगळं मराठी इंग्रजी अक्षरांत. मोबाइलवर लिहितात तसं. इंग्लिश मीडियममध्ये तिला मीच घातलं होतं.
मग रमीलाबेन. वहीचं मराठी करून आणलं होतं. त्या मराठी शाळेत शिकल्यात — शेजारी राहून मी कधी विचारलंच नाही. होडीत पाणी आलं, तेव्हा मास्तरांनी सदरा काढून पेट्यांवर घातला. पलीकडच्या पाड्यावर एका म्हातारीने विचारलं, यात काय आहे? मास्तर म्हणाले, "अजून काही नाही. तुम्ही टाकाल ते."

मी उठलो. म्हटलं, "रमीलाबेन, आता वडिलांच्या शब्दांत वाचा." वही त्यांच्या पिशवीतच होती. मला निम्मंच कळलं. तरी शेवटपर्यंत उभा राहून ऐकलं.

१ फेब्रुवारी
मिनल रोज संध्याकाळी मराठी वाचायला बसते. रमीलाबेनकडे. मी शिकवतो म्हटलं तर म्हणाली, "नको बाबा. मी अडखळले की त्या थांबतात."