बाबांच्या गाडीचा तापलेला काटा

तीर्थस्वरूप दादा,

साष्टांग नमस्कार (गुडघा आखडल्यामुळे मनातल्या मनात). तुझं पित्त, वहिनीची मान आणि तुम्हा दोघांचा अबोला यांपैकी काय काय उतरलं ते कळव. आई ठणठणीत आहे. गाडीबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं.

बाबांची गाडी सारखी तापते, आता भंगारात काढू, असं मीच तुला कळवलं आणि तू लगेच रविवारचं गिऱ्हाईक ठरवलंस. मी खोटं बोललो नव्हतो रे. चावी फिरवली की तापमानाचा काटा थेट लाल पट्ट्यात जायचा. (इंजिन सुरू व्हायच्या आधीच! यात काही विचित्र आहे असं मला चार महिने वाटलं नाही. बाबांचं डोकं आपल्यापैकी कोणीच घेतलं नाही, हे तुला ठाऊकच आहे.) मी रेडिएटर बदलला, पाण्याचा पंप बदलला, प्रत्येक चढावर बॉनेट उघडून वाऱ्यावर उभा राहिलो. गल्लीतली पोरं मला 'पाणीवाले काका' म्हणायला लागली.

शेवटी काल सकाळी एक मिस्त्री घरी आणला. त्याने इंजिनावर हात ठेवला आणि म्हणाला, "साहेब, हे तर तुमच्यापेक्षा थंड आहे." मग त्याने इंजिनावरच्या सेन्सरची वायर काढली. काटा खाली यायला हवा होता, तो ढिम्म. म्हणजे वायर वाटेत कुठेतरी पत्र्याला टेकलेली आणि काटा उगाच बोंबलतोय. वायर धरत धरत तो स्टिअरिंगखाली घुसला आणि तिथे सापडलं एक बटण. दारावरच्या घंटेचं! आपल्या जुन्या घराचं, जे तू हरवलंस म्हणून अख्खी सुट्टी बोलणी खाल्लीस. (साक्ष मी दिली होती. क्षमस्व.) सांध्यावर बाबांची ती निळी चिकटपट्टी, जिच्यावर चष्म्यापासून बादलीपर्यंत आपलं सगळं घर उभं होतं. बटण दाबलं की काटा लाल. आता ते दाबलेलंच अडकून बसलं होतं.

आठवतं, मामाकडे जाताना घाटातल्या त्या मोठ्या झाडाशीच गाडी दरवेळी कशी तापायची? आईला वळणांनी मळमळायचं, पण 'थांबा' म्हणेल ती आई कसली. बाबा म्हणायचे, "तापली बुवा, अर्धा तास बसू." आपण दगडांवर उड्या मारायचो आणि आई म्हणायची, बिचारी गाडी. दादा, मला बाबांची फार आठवण आली. गाडीतच बसून रडलो. मिस्त्रीने पाणी दिलं (रेडिएटरसाठी भरलेल्या बाटलीतलं).

बटण मोकळं केलं, सेन्सरची वायर परत जोडली आणि एक लांब चक्कर मारली, तर काटा शहाण्यासारखा मधोमध.

वहिनीला नमस्कार.

तुझा खोटा साक्षीदार,
धाकटा

ता. क. गिऱ्हाइकाला नाही म्हणून सांग. गाडी मी ठेवतो. पत्र खरं म्हणजे एवढ्यासाठीच.

आणखी एक ता. क. न राहवून आईला सांगितलं. ती म्हणाली, "मळमळलं ते पहिल्या वर्षी, एकदाच. पुढे ह्यांनाच तिथे बसायला आवडायचं. बटण दाबताना दिसायचे मला, पण म्हटलं दाबू देत." रविवारी तिला त्या झाडाखाली जायचं आहे. तू ये, खिडकी तुझी. बटण मिस्त्रीकडून तिच्या बाजूला बसवून घेतलं आहे. या वेळी तीच दाबणार म्हणते.